झोनमध्ये (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीगटात) प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपास-प्रार्थनेचा काळ) एकत्र कसा पाळावा? (बोरिवली, साधारण ६० माणसं)

गावठाणकर:
२०२७ मध्ये राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात तो) १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. आमच्या झोनमध्ये तीन इमारती आणि एक चाळ. दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या १४ स्थानांवर थांबत करायची प्रार्थना), मग पेजेचं जेवण आणि वाचलेला पैसा दानाला, असं फादरांना सुचवायचंय. लोक ऑफिसातून आठच्या आत घरी येत नाहीत. वेळ, पेजेचं प्रमाण आणि उपासाचे नियम कसे ठेवावेत? त्या बुधवारच्या राखेसाठी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्याही झोनांनीच गोळा करायच्यात.

चौदा_स्थाने:
साडेआठला सुरू करा आणि कोणासाठी थांबू नका. उशिरा येणारे वाटेत सामील होतील. एका स्थानाला अडीच मिनिटं धरली तर १४ स्थानं ३५ मिनिटांत होतात, म्हणजे सव्वानऊला पेज वाढता येते. वेळ जातो तो मनन लांबल्यामुळे. वाचकाला आधीच लिहून द्या, सहा-सात ओळी पुरेत, आणि दोन स्थानांमध्ये गीताचं एकच कडवं. मजल्यामजल्यावर स्थानं ठेवू नका. लिफ्टसाठी रांग लागते आणि गुडघेदुखीवाले मागे पडतात. चाळीचं अंगण आणि इमारतींचे तळमजले एवढ्यात सगळं बसवा. मिरवणूक रस्त्यावर येणार असेल किंवा स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

टोपभर_पेज:
६० जणांना अडीच किलो उकडा तांदूळ, २० लिटर पाणी आणि ३० लिटरचा टोप. तांदूळ तासभर भिजवा आणि मंद आचेवर शिजवा. मोठ्या टोपात तळ लागतो आणि करपल्याचा वास सगळ्या पेजेला येतो, म्हणून शेवटचा अर्धा तास एक माणूस ढवळायलाच हवा. पेज उभी राहिली की घट्ट होते. पाच लिटर उकळतं पाणी बाजूला ठेवा. मीठ शेवटी. सोबत लोणचं किंवा खोबऱ्याची चटणी, बास. भजी आली की वाचवायचं काही उरत नाही.

सक्तीचा उपास फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला: एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. मांस वर्ज्य १४ पूर्ण झालेल्या सगळ्यांना, मासळी चालते. मधुमेही आणि गरोदर बायकांना उपासाचा आग्रह कोणी करू नये, हे पहिल्याच शुक्रवारी मोठ्याने सांगा.

दानाचा डबा बंद असू द्या, नावं लिहू नका. त्या रात्रीच्या जेवणाला जेवढा खर्च आला असता तेवढाच टाकावा, हे स्पष्ट सांगितलं की लोक सुट्टे शोधत बसत नाहीत. दोघांसमोर मोजून पॅरिशच्या (आपल्या चर्चच्या) व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या मंडळाकडे, द्या.

सॅक्रिस्टीतून:
झावळ्या जानेवारीच्या शेवटी मागा. घरच्या क्रुसामागे खोचलेल्या असतात, त्यांना रिबीन, दोरा, टाचणी चिकटलेली असते. ते सगळं काढा, प्लास्टिक जळलं तर राख चिकट होते. कडक उन्हात वाळवून लोखंडी घमेल्यात जाळा. पूर्ण जळू दिल्या तर राख पांढुरकी होते आणि कपाळावर दिसत नाही, म्हणून निखारे लाल असतानाच वर झाकण ठेवा. थंड झाल्यावर खलात कुटून मलमलीतून चाळा. एक वाटी शेकडो लोकांना पुरते. पाण्यात कालवून ठेवू नका. ओली राख दाहक होऊन कपाळ भाजू शकते. कोरडीच द्या.

गावठाणकर:
मनापासून आभार. १९ मार्चला शुक्रवारी संत जोसेफचा सण येतोय, त्या दिवशी काय?

टोपभर_पेज:
तो महासण (सर्वांत वरच्या दर्जाचा सण) आहे. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) १२५१ प्रमाणे महासण शुक्रवारी आला की मांसवर्जनाचं बंधन राहत नाही. तरी क्रुसाची वाट आणि डबा सोडू नका. पेजेबरोबर त्या दिवशी प्रत्येकाला एकेक तळलेला बोंबील द्या. गुड फ्रायडेला, २६ मार्चला, झोनचं काही ठेवू नका. तीनची उपासना सगळ्यांनी चर्चमध्येच करावी.