एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) घेणाऱ्या पोरांना आत टाकायचं की बरं करायचं?

गल्लीबोळ: आमच्या जिन्यातला पोरगा, 22 वर्षांचा, डिप्लोमा अर्धवट. मागच्या महिन्यात जिन्याखालून आमचा भरलेला सिलेंडर गेला, नंतर कळलं यानंच विकला, 700 रुपयांत, कशासाठी तर पुडीसाठी. आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळे म्हणे बिचारा आजारी आहे. अरे डेंगी झाला म्हणून कोणी सिलेंडर चोरतं का? फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो एमडी पकडलं, ते काय लोणच्यात घालायला बनवत होते? गिऱ्हाईक आहे म्हणून बनतं. गिऱ्हाईक उचला, धंदा बसेल.

वॉर्डवाली: दादा सिलेंडरचं वाईट वाटलं, पण धंदा असा बसत नसतो. मी मानसोपचार वॉर्डात ड्युटी करते, एमडीवाला पोरगा तीन तीन रात्री झोपत नाही, जेवत नाही, सारखा जबडा चावत दाराच्या फटीतून बघत बसतो की पोलीस आले, आणि उतरलं की असा पडतो की आई नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघते. ह्याला मस्ती म्हणायचं? आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच कलम 64अ आहे, थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर खटल्यातून सुटतो, उपचार अर्धवट सोडले तर सूट जाते. हे घरच्यांना सांगतं कोण?

सातबारा_कोरा: "स्वतःहून" म्हणे 😂 माझा चुलतभाऊ तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला, दर वेळी काकांनी एक म्हैस विकली. मारामारीच्या केसमध्ये 4 महिने आत गेला तेव्हा नशा सुटली. आत माल मिळाला नाही हे नशीब.

वॉर्डवाली: मग नशीबच ना ते, जेलचं काय कौतुक त्यात. आणि चौथी म्हैस असती तर?

सातबारा_कोरा: चौथी म्हैस नव्हती ताई.

कटिंग_चहा: तुम्ही पुण्या-मुंबईवाले एमडीच घेऊन बसा. आमच्या मालेगावात कुत्ता गोळी चालते, मूळची अल्प्राझोलम, घाबरेपणावरची साधी गोळी, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही पण मिळते. कुरकुंभ नको न काही नको. आता कोणाला उचलणार?

गल्लीबोळ: विकणाऱ्याला पण उचला, माझी ना नाही.

वॉर्डवाली: उचला की, विकणाऱ्याबद्दल कुठे वाद आहे. पण त्या पोराच्या आईला 14446 हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे. तो पोरगा आहे कुठे सध्या?

गल्लीबोळ: परवा आला केंद्रातून, सव्वा महिन्याने. आज जिन्यात भेटला, हडकुळा झालाय. गॅसवाला खालीच ठेवून गेला होता तर म्हणाला काका सिलेंडर वर नेऊन देऊ का. मी नको म्हटलं. मग स्वतः तीन मजले चढवला, कंबर गेलीये.