प्रतिसाद: वेग नाही, तोल!

वर कोणीतरी विचारलंय, 'गाडी इतकी हळू चालवायची तर त्यात थरार कसला?' स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या मोटरसायकल स्पर्धेबद्दल हा गैरसमज नेहमीचाच. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम गावाजवळच्या डोंगरांत मे महिन्यात होणारी ही स्पर्धा १९०९ पासूनची, अर्थात महायुद्धांसारखे खंड सोडून. इथे वेगाला गुण नाहीत. ओल्या शेवाळी दगडांचे, ओढ्यांचे छोटे छोटे टप्पे पाय न टेकता पार करायचे. एकदा पाय टेकला की १ दंडगुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३. गाडी अडकली की थेट ५! म्हणजे कमी गुणवाला जिंकतो, आपल्या परीक्षेच्या अगदी उलट.

खरी कसोटी मात्र सहा दिवसांची. टप्प्यांच्या मधलं दलदलीचं अंतरही वेळेत कापायचं, तेही पावसात. हात भरून येतात, मग सोपा दगडही दगा देतो.

सॅमी मिलर हा स्वार १९६५ मध्ये बुल्टाको या हलक्या स्पॅनिश गाडीवर जिंकला आणि जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले. डगी लॅम्पकिन तर १२ वेळा जिंकलाय. शंका असेल तर आपली बुलेट घेऊन एखादा कोरडा ओढा तरी पाय न टेकता ओलांडून बघा. मी तिसऱ्या दगडावर आडवा झालो होतो.