आईचा अंगठा म्हणजे संमती का? मुलांवरच्या चाचण्यांबद्दल

निवृत्त_शिक्षिका: २००९ साली आपल्या वडोदरा जिल्ह्यात डभोई, शिनोर आणि कवांट (तेव्हा ते आपल्याकडेच होतं) इथल्या १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस टोचली. आंध्रात खम्मममध्येही. तिथे कितीतरी फॉर्मांवर वसतिगृहाच्या वॉर्डननेच सह्या केल्या. ही चाचणी नाही, प्रात्यक्षिक आहे, असं राबवणारे सांगत होते. मी त्या भागातल्या एका शाळेत होते. फॉर्म गुजरातीत, पोरीची आई बोलणार राठवी बोली. मी स्टॅम्पपॅड पुढे केलं, तिने अंगठा उठवला आणि पोरीची वेणी सारखी करत एवढंच विचारलं, ‘बेन, ताप येईल का?’ त्या अंगठ्याला मी संमती म्हणत नाही. गरिबांच्या मुलांवर असं संशोधन बंद करा.

बालरोग_रावपुरा: ताई, चूक झालीच. पण लस घेतलेल्या काही मुली नंतर दगावल्या, ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, हेही सांगायला हवं. आणि बंद करून काय होईल? १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मोठ्यांच्या हिशेबाने तान्ह्यांना दिलं. त्यांच्या यकृताला ते झेपेना, बाळं राखाडी पडून दगावली. मुलांवर तपासलं नाही तर अंदाजाने द्यावं लागतं. आजही मी मोठ्यांची गोळी चार तुकडे करून लिहून देतो, तेव्हा बरं वाटत नाही. रोटाव्हायरसच्या जुलाबावरची आपली रोटाव्हॅक लस दिल्ली, पुणे, वेल्लोरच्या ६,७९९ बाळांमुळेच आली.

मांडवीकर: त्यातल्या दर तिघांत एकाला औषध नसलेली खोटी लस दिली, डॉक्टर. रोटाव्हायरसची लस तेव्हा बाजारात होती, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सगळ्या देशांना सुचवलीही होती. तुमच्या नातवाला दिली असती का खोटी?

बालरोग_रावपुरा: ती महागडी लस त्या घरांना मिळतच नव्हती. चाचणीतल्या प्रत्येक बाळाच्या जुलाबावर लगेच उपचार होत होते. तरी प्रश्न बोचरा आहे, मान्य. नातवाला मी बाजारातलीच दिली असती.

निवृत्त_शिक्षिका: डॉक्टर, ‘बंद करा’ हे मी मागे घेते, क्लोरॅम्फेनिकॉलचं मला माहीत नव्हतं. पण फॉर्म शाळेतून नको. ज्या बाईंकडे पोरगी रोज शिकते, त्यांना ती आई नाही कशी म्हणणार? तिच्या बोलीत सांगणारं बाहेरचं माणूस हवं, आणि घरी जाऊन नवऱ्याशी, सासूशी बोलायला दोन दिवस. मी तिला दोन मिनिटंही दिली नव्हती.