टुरिस्ट व्हिसा नको, अन् काखेत हात घालून उचलणं तर नकोच

दारव्ह्याच्या एका पोराला एजंट म्हणतो, अमेरिकेतल्या दिव्यांगांच्या समर कॅम्पवर कामाला टुरिस्ट व्हिसावर जा. साफ चूक. जे-१ हा एक्स्चेंज व्हिसा लागतो, तोही कॅम्प काउन्सेलरचा, म्हणजे कॅम्पवर आलेल्यांची देखरेख करणाऱ्याचा: वय किमान १८, मुदत जास्तीत जास्त ४ महिने. स्पॉन्सर, म्हणजे अमेरिकी सरकारनं मान्य केलेली संस्था, डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म देते, मग सेव्हिस (अशा व्हिसावाल्यांची सरकारी नोंदणी) फी ३५ डॉलर, मग मुंबईला मुलाखत. तारीख मिळाली की विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट लगेच काढा.

खरी तयारी वेगळीच. आपल्याकडे दिव्यांगाला पलंगावरून व्हीलचेअरवर बसवताना काखेत हात घालून उचलतात. लकव्याच्या बाजूचा खांदा त्यानं सहज निखळतो. व्हीलचेअर पलंगाला तिरपी, चांगल्या बाजूला लावायची. दोन्ही ब्रेक, पायदान बाजूला, मग त्याच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून, आपले गुडघे वाकवून उठवायचं. ब्रेक विसरला तर खुर्ची मागे सरकते अन् दोघंही खाली. आधी त्यालाच विचारायचं, कसं धरू?