जेलीफिशचा मायटोकाँड्रियल डीएनए: वर्तुळ नव्हे, सरळ रेषा

‘सर्व प्राण्यांच्या मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) डीएनए वर्तुळाकार असतो’ असे विधान वाचायला मिळते, त्यात एक दुरुस्ती सुचवतो. प्रवाळांमध्ये तो वर्तुळाकारच आढळतो. पण त्यांच्याच भाऊबंदांत, म्हणजे हायड्रा, जेलीफिश आणि बॉक्स जेलीफिश यांच्यात, तो सरळ, दोन टोकांचा असतो. मून जेलीफिशमध्ये सुमारे १७ हजार बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) एकच रेणू आहे, तर अलाटिना या बॉक्स जेलीफिशमध्ये जनुके चक्क आठ छोट्या रेणूंवर वाटलेली आहेत.

मला अधिक विलक्षण वाटते ती जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे जनुकांतील माहिती वापरली जाण्याची रीत. माणसाच्या मायटोकाँड्रियात टीआरएनएची (प्रथिने बनवताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या छोट्या रेणूंची) २२ जनुके इतर जनुकांच्या अधेमधे पेरलेली असतात. अनेक जनुकांची एकत्र नक्कल असलेला लांबलचक आरएनए तयार झाला की विकरे नेमकी या टीआरएनएंच्या कडांना काप घेतात आणि बहुतेक जनुकांचे संदेश सुटे होतात. मून जेलीफिशच्या मायटोकाँड्रियल डीएनएत मात्र मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांच्या दोनच टीआरएनएंची जनुके उरली आहेत. बाकीचे पेशीद्रवातून आत आणता येतील, पण संदेश कुठे कापायचा याच्या खुणा बाहेरून आणता येत नाहीत. त्यामुळे तिथे कापण्याची निराळी यंत्रणा असावी.