मदत हवी आहे: साधी टेक्स्ट फाइल एका पानावर तीन रकान्यांत कशी छापायची?

मंडळी,

गेली काही वर्षं मी शुद्धलेखनासाठी शब्दांची यादी जमवते आहे. वाचताना अडखळायला लावणारा शब्द दिसला की त्याचं प्रमाण रूप लिहायचं, पुढे डॅश, मग सामान्यरूप किंवा छोटीशी टीप. एका ओळीत एक नोंद. सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, कारण ती कुठल्याही संगणकावर उघडते आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी अडत नाही. आजच्या घडीला ४२५६ ओळी झाल्या आहेत.

ही यादी आता मला कागदावर हवी आहे. पडद्यावर वाचताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नजरेतून निसटतात. कागद समोर आणि पेन हातात असलं की सहसा निसटत नाहीत. पण छापायला घेतलं तर एका पानावर ५६ ओळी बसतात, म्हणजे ७६ पानं होतात. त्यात प्रत्येक ओळ जेमतेम तीन-चार शब्दांची, त्यामुळे पानाचा उजवा दोन तृतीयांश भाग कोराच राहतो. तीन रकाने पाडता आले तर २६ पानांत काम होईल.

वाचण्याचा क्रम शब्दकोशासारखा हवा. पहिला रकाना वरून खाली, मग त्याच पानावरचा दुसरा, मग तिसरा, आणि त्यानंतर पुढचं पान. माझं सगळं घोडं इथेच अडलंय. टेक्स्ट एडिटरच्या छपाईच्या चौकटीत फाँट आहे, समास आहे, पानाचा मथळा आहे, रकाने मात्र नाहीत. लिनक्सवर ‘कॉलम’ नावाची कमांड सापडली. तिने रकाने पाडले, पण अख्ख्या फाइलचे उभे तीन तुकडे करून. एकेक रकाना १४१९ ओळींचा झाला. तो छापला तर पहिल्या पानावर डावीकडे ‘अ’चे शब्द येतात, मधे ‘ग’चे आणि उजवीकडे ‘म’चे. अशी यादी तपासायची म्हणजे गठ्ठा तीन वेळा पहिल्यापासून उलटायचा.

यादी वाढतच असते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी नवी प्रत काढावी लागेल. दर वेळी हाताने मांडणी करावी लागू नये अशी सोय कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद १

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एका कागदावर किती पानं छापायची ते ठरवता येतं. तिथे ४ निवडा. ७६ पानं १९ कागदांवर येतील, वेगळं सॉफ्टवेअरही लागणार नाही.

धागाकर्ती

धन्यवाद. हे आधीच करून पाहिलं होतं, धाग्यात लिहायचं राहून गेलं. चार पानं एका कागदावर घेतली की लांबी-रुंदी निम्मी होते, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होतं. त्या आकारात ‘कि’ आणि ‘की’ वेगळे ओळखायला भिंग लागतं, आणि मला तपासायचं असतं नेमकं तेच. शिवाय पानासोबत त्यातली कोरी जागाही आक्रसते, ती वापरात येत नाहीच. मला अक्षर तेवढंच ठेवून कोरी जागा भरायची आहे.

प्रतिसाद २

यासाठी युनिक्सवर फार जुनी कमांड आहे, ‘पीआर’. ती पानाचा हिशोब ठेवून रकाने भरते, म्हणजे तुम्हाला हवा तोच क्रम मिळतो. उणे चिन्ह आणि लगेच ३ दिलं की तीन रकाने. आडवा क्रम हवा असेल तर उणे ए द्यायचं, तुम्हाला ते नको आहे.

तिचे ठरलेले आकडे लक्षात ठेवा. काही सांगितलं नाही तर ती पान ६६ ओळींचं धरते. त्यातल्या वरच्या ५ मथळ्यासाठी आणि खालच्या ५ मोकळ्या, म्हणून मजकुराला ५६ उरतात. हे माप ११ इंची कागदाचं आहे, इंचाला ६ ओळी या हिशोबाने. ए-४ कागद २९७ मिलिमीटर उंच असतो, त्यावर ७० ओळी मावतात, तेव्हा उणे एल देऊन ७० सांगा. रुंदी ती ७२ अक्षरांची धरते, म्हणजे तीन रकाने केल्यावर एकाच्या वाट्याला २३-२४ अक्षरं. त्याहून लांब ओळ असेल तर उरलेला भाग ती बिनबोभाट कापून टाकते, इशारा वगैरे काही देत नाही. म्हणून आधी फाइल ‘फोल्ड’ कमांडमधून काढा. तिला उणे एस दिलं की लांब ओळ शब्द न तोडता खाली दुमडते. मी इंग्रजी याद्या कायम अशाच छापतो.

धागाकर्ती

तुम्ही सांगितलं तसं लगेच केलं. इंग्रजी शब्दांची एक छोटी फाइल होती, ती सुरेख आली. मराठी यादीचं मात्र भलतंच झालं.

एक उदाहरण देते. माझी ओळ आहे ‘क्षेत्रफळ - क्षेत्रफळाचा’. ‘फोल्ड’ला रुंदी २३ दिली. बाहेर आलं ‘क्षेत्र’, त्याला चिकटून काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि खालच्या ओळीत तसंच आणखी एक प्रश्नचिन्ह आणि नुसता ‘ळ’. मधला ‘फ’ गायब. शिवाय ‘पीआर’ने पाडलेल्या रकान्यांची डावी कड सरळ नाही, ओळीगणिक पुढे-मागे सरकते. फाइल बिघडली म्हणावं तर एडिटरमध्ये ती व्यवस्थित दिसते. काय चुकतंय?

प्रतिसाद ३

फाइलही ठीक आहे आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. तुमच्या संगणकावरची ‘फोल्ड’ अक्षरं मोजत नाही, बाइट (संगणकाच्या साठवणीचं एकक) मोजते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिथे कळून येत नाही. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये अक्षरं साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण आत क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशी ७ चिन्हं आहेत. झाले २१ बाइट. रुंदी २३ होती, दोन बाइट उरले. त्यात ‘फ’चे पहिले दोन बाइट बसले आणि तिसरा खालच्या ओळीवर गेला. फुटलेल्या अक्षराचे दोन तुकडे वाचता येत नाहीत, म्हणून दोन प्रश्नचिन्हं. रकाने सरकतात त्याचं मूळही तेच. देवनागरी मजकूर कागदावर किती जागा घेईल हे ‘पीआर’ला कळत नाही, त्यामुळे मधे किती मोकळी जागा सोडायची तो हिशोब चुकतो.

याच वाटेवर पुढे कुणी ‘एटूपीएस’ किंवा ‘एनस्क्रिप्ट’ या छपाईच्या कमांड सुचवेल. दोन्ही चांगली आहेत, दोन-दोन रकाने सहज पाडतात, पण देवनागरीसाठी त्यांचा उपयोग नाही. त्यांच्यात वेळ घालवू नका.

मराठीसाठी असं साधन लागतं ज्याला जोडाक्षरं जुळवता येतात. कमांडनेच काम करायचं असेल तर ‘पॅप्स’ वापरा. ते अक्षरजुळणीसाठी ‘पँगो’ नावाची लायब्ररी वापरतं आणि यूटीएफ-८ वाचतं. दोन उणे चिन्हं आणि ‘कॉलम्स’ लिहून बरोबर ३, त्याच पद्धतीने फाँटमध्ये नोटो सान्स देवनागरी ९, एवढं पुरे. लांब ओळी तेच दुमडतं.

माझी स्वतःची पसंती ब्राउझरला आहे. यादी एका एचटीएमएल पानात (वेबपानाच्या फाइलमध्ये) ठेवायची आणि त्याच्या शैलीत (सीएसएसमध्ये) ‘कॉलम-काउंट’ ३ लिहायचं. छापताना ब्राउझर पानागणिक रकाने भरतो. मधे बारीक रेघ हवी असेल तर ‘कॉलम-रूल’, रकान्यांमधलं अंतर ‘कॉलम-गॅप’. वर चारसेट यूटीएफ-८ लिहायला विसरू नका. ए-४ ची रुंदी २१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १० सोडले आणि दोन फटींना ५-५ दिले की प्रत्येक रकान्याला ६० मिलिमीटर मिळतात. ९ पॉइंटच्या अक्षराला तेवढे पुरतात. ओळींची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीच्या हिशोबाने कमी ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

धागाकर्ती

दोन प्रश्नचिन्हांचं ते कोडं इतकं उलगडून सांगितलंत, मनापासून आभार. मी ‘क्षेत्र’ कागदावर सुटं करून मोजलं, ७ च भरली.

ब्राउझरची वाट धरली. पहिल्या खेपेला लांब नोंदी शेजारच्या रकान्यावर चढल्या. मी सगळा मजकूर एचटीएमएलच्या ‘प्री’ खुणेत (टॅगमध्ये) टाकला होता, त्यात ओळ आपोआप मोडत नाही. ‘व्हाइट-स्पेस’ला ‘प्री-रॅप’ दिल्यावर ते मिटलं.

दुसरी गोष्ट गंभीर होती आणि मला ती योगायोगानेच दिसली. काही नोंदींत व्युत्पत्ती दाखवायला मी कोनी कंस आणि त्याला लागूनच रोमन लिपीत मूळ शब्द लिहिला आहे. छापील पानावर त्या कंसासकट पुढचा मजकूर नाहीसा झाला होता, कारण ब्राउझर त्याला खूण समजला. एचटीएमएलमध्ये घेण्याआधी त्या चिन्हाच्या जागी ‘अँड चिन्ह, एल, टी, अर्धविराम’ हा संकेत घालावा लागतो, आणि अँड चिन्हाचा स्वतःचा संकेत त्याच्याही आधी घालावा लागतो. शुद्धलेखन तपासायच्या प्रतीतूनच शब्द गळणं परवडणारं नाही, म्हणून यादी छापणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघावं.

आणखी एक अडचण. कागदावर चूक सापडली की फाइलमध्ये ती जागा पटकन सापडायला हवी. ओळीचा क्रमांक छापता येईल का?

प्रतिसाद ३

‘एनएल’ कमांड क्रमांक घालते, पण आपणहून ती कोऱ्या ओळी मोजत नाही, त्यामुळे तिचे क्रमांक एडिटरच्या क्रमांकांशी जुळणार नाहीत. ‘कॅट’ला उणे एन द्या, ते प्रत्येक ओळ मोजतं. क्रमांक आधी घाला, एचटीएमएल नंतर बनवा. हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवलंत की पुढच्या वेळी ती चालवायची आणि छापायचं.

प्रतिसाद ४

ज्यांना कमांड नको त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस रायटरचा मार्ग सांगतो. फाइल उघडताना एन्कोडिंग विचारणारा प्रकार निवडा आणि यूटीएफ-८ सांगा. काहीही निवडलेलं नसताना फॉरमॅटमधलं कॉलम्स उघडलं की रकाने सगळ्या पानांना लागतात. फाँट बदलूनही मराठी अक्षर बदलत नसेल तर घाबरू नका. रायटरमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार सीटीएल (जोडाक्षरांसारखी जुळणी लागणाऱ्या लिपींसाठीच्या) नावाच्या वेगळ्या भागात असतो, बदल तिथे करायचा.

तुमच्या यादीत ‘अ’, ‘आ’, ‘क’ अशी शीर्षकं असतील तर शीर्षक रकान्याच्या तळाशी आणि शब्द पुढच्या रकान्यात असं होणार. शीर्षकाच्या परिच्छेदाला ‘पुढच्या परिच्छेदाबरोबर ठेवा’ हा पर्याय द्या. शीर्षकं एकदम शोधायला शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधायची सोय) चालू करून टोपी-चिन्ह, टिंब, डॉलर असं शोधा. एका चिन्हाच्या ओळी सापडतील. ‘अं’मध्ये २ चिन्हं आहेत आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’मध्ये ३-३, ती तीन हाताने निवडावी लागतील.

धागाकर्ती

शीर्षकं आहेत आणि तळाशी एकटी पडतही होती. ब्राउझरमध्ये शीर्षकाला ‘ब्रेक-आफ्टर’ ‘अव्हॉइड’ दिलं. ‘क्ष’, ‘ज्ञ’ स्क्रिप्टमधूनही निसटली होती, तुमचं वाचून कारण कळलं.

आज पूर्ण प्रत छापली. छपाईच्या चौकटीत स्केल १०० टक्के ठेवलं, कारण ‘पानात बसवा’ निवडलं की अक्षर पुन्हा बारीक होतं. लांब नोंदींची दुसरी ओळ थोडी आत सरकवली आहे, म्हणजे नवी नोंद कुठे सुरू होते ते चटकन दिसतं. दुमडलेल्या ओळींमुळे २६ ऐवजी २८ पानं झाली.

पहिल्या पानाच्या दुसऱ्या रकान्यात, क्रमांक ८३ ला, ‘अतिथीगृह’ असं लिहिलेलं सापडलं. नुसता ‘अतिथी’ दीर्घ, पण समासात तो ‘अतिथिगृह’ असा ऱ्हस्व होतो. पडद्यावर कित्येकदा ही ओळ डोळ्यांखालून गेली होती. फाइलमध्ये ८३ व्या ओळीवर जाऊन दुरुस्त केली. आता तिसऱ्या रकान्याला सुरुवात करते.