स्नायूंची नावं आणि ओरिजिन-इन्सर्शन लक्षात कसं ठेवायचं?

घोकंपट्टी: बीएस्सी नर्सिंग, पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडपाशी जीभ अडखळते. नाव पाठ झालं की कुठे जोडलाय ते विसरते, ते आठवलं की नाव. सोमवारी व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे. तुम्ही कसं केलंत?

फिजिओताई_सांगली: अगं, नावातच उत्तर आहे की! स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लायडो म्हणजे कॉलरबोन, मॅस्टॉइड म्हणजे कानामागचा उंचवटा. आरशासमोर मान डावीकडे वळव, उजव्या बाजूला दोरीसारखा उभा राहतो तोच हा. बोटांनी चाचप. छातीकडची टोकं जागची हलत नाहीत, ते ओरिजिन. डोकं हलतं, म्हणून कानामागे इन्सर्शन.

आणि गॅस्ट्रोक्नेमियसला तर अजिबात घाबरू नकोस. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट. पायाचं पोट असं ते नाव. आपल्याकडे काय म्हणतात? पोटरी! (आमच्याकडे ज्वारीही कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीत येते. फुगली की पोटरी.) हा गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो आणि टाचेला जातो. म्हणून रात्री पायात गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढायचं. माझे निम्मे पेशंट गुडघा पोटाशी घेऊन कळवळत बसतात. तशाने तो ताणलाच जात नाही.

काजंबटण: वडील शिंपी, म्हणून सार्टोरियस मला एकदाच वाचून पाठ झाला. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तिरका, गुडघ्याच्या आतल्या बाजूने खाली नडगीच्या हाडाला. शरीरातला सगळ्यात लांब स्नायू. मांडी घालून बसताना हाच कामी येतो; दुकानात मशीन आहे, तरी बाबा काजं करायला अजून तसेच बसतात.

घोकंपट्टी: भारी! पण बायसेप्सच्या नावात हाडच नाही ना?

फिजिओताई_सांगली: नाही. तिथे फक्त डोकी, म्हणजे स्नायूची वरची टोकं मोजलीत, दोन. दोन्ही खांद्याच्या फऱ्यावर. त्यातलं आखूड डोकं कॉराकॉइडवर, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारख्या हाडावर. खालचं टोक मात्र नाव सांगत नाही, आणि व्हायवात नेमकं तेच विचारतात: रेडियस, अंगठ्याच्या बाजूचं हाड. म्हणून बायसेप्स कोपर वाकवतो तसा तळहातही उताणा करतो. कोपर काटकोनात धर, दुसरा हात दंडावर ठेव आणि तळहात पालथा-उताणा कर. उताणा करताना बेटकुळी उठते बघ. लॅटिनवाल्यांना तिथे उंदीर दिसला, मसल म्हणजे मुळात छोटा उंदीर. आपल्याला बेडूक दिसला.

घोकंपट्टी: उजवीकडे उठली. डावीकडे जेमतेम. 😄